मालकांच्या काठ्यांना एरंडेल

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, आणि तुम्हाला वाचता तर कधीच येत नव्हतं. तरी लिहिते आहे. काल शाळेत एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्ही घरातल्या पहिल्या बीए, तुमच्या वडिलांना किती आनंद झाला असेल. मी हो म्हणाले आणि मग बोलतच राहिले, तुमच्या कष्टांवर, शिक्षणानं माणूस कसा ताठ उभा राहतो त्यावर. असं बोलणं मला चांगलं येतं. एक मुलगी रडली. जिनिंगच्या आवारातल्या त्या दिवसाबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

वसमतला मोंढ्याच्या बाजारात कोपऱ्यावर पोतं अंथरून तुम्ही वहाणा शिवत होता. त्या उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगचे मालक तीन आठवड्यांसाठी इंग्लंडला निघाले होते, तिथल्या डॉक्टर मेव्हण्याकडे, गोल्फ खेळायला. हैदराबादेत कुणाच्या तरी संगतीनं त्यांना हा नाद लागला होता, आणि तिथल्याच एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी चौदा जुन्या काठ्या विकत आणल्या होत्या. सोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मालक निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, मुनीमही तसाच. म्हणून जोड्याच्या कामासाठी तुम्हाला आणि पुस्तक वाचून सांगायला मला, असं दोघांनाही बोलावणं आलं. मालक खुर्चीत बसलेत, तुम्ही खाली, आणि त्यांचा पाय तुमच्या मांडीवर. तुम्ही दोऱ्यानं माप घेताय. मी दाराशी पुस्तक धरून उभी आहे आणि मला तुमच्याकडे बघवत नाही.

"पोरगी बीए झाली म्हणतोस," मालक म्हणाले, "शाळेवर लावून देऊ. संस्था आपलीच हाय. पण आधी माझं सामान बराबर झालं पायजे. तिकडं माझं हसू झालं न्हाई पायजे." त्यांचा पाय मांडीवर होता तसाच ठेवून तुम्ही हात जोडलेत.

घरी येताना मी तुम्हाला खूप बोलले. नोकरी मी माझ्या गुणांवर मिळवीन, कुणाच्या पायाशी बसून नाही, असं काहीतरी. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझ्या मार्कानं शाळंचं दार उघडत न्हाई, बाई. दारात कोन उभं हाय ते बघावं लागतं." त्यावर मी म्हणाले की तुमच्या हाताचा वास माझ्या पुस्तकांना लागतो, यापुढं त्यांना शिवू नका. त्या दिवसापासून माझी पुस्तकं उचलायची असली की तुम्ही हातावर धोतराचा सोगा घ्यायचात. मी ते पाहत होते. नको म्हणाले नाही.

काम मात्र तुम्ही असं केलंत की आजही आठवलं की थक्क व्हायला होतं. पुस्तकातलं चित्र पाहून मालकांच्या जोड्याच्या तळाला बारा-बारा खिळे बसवलेत, प्रत्येकाखाली चामड्याची चकती. काठ्यांच्या पिशवीला ताडपत्रीची खोळ शिवलीत. मी वाचून सांगत होते, तुम्ही बोटांवर धरून ठेवत होता: चेंडू मोज्यांत भरायचे, पावसाळी कोट वर ठेवायचा, लोखंडी टोकांना फडकी बांधायची. मालकांना परदेशासाठी देवीची लस टोचली होती, त्यांचा दंड सुजला होता, त्यामुळे आठ दिवस त्यांनी काठी हातात धरली नव्हती.

काठ्यांच्या मुठींवर चामड्याची पट्टी गुंडाळलेली होती, जुनी, तडे गेलेली. आणि आपल्याकडे चामडं दूर निघालं की एरंडेल चोळल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाही, मग ती मोट असो की नवरदेवाचा जोडा. कोरडं चामडं पाठवणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. तुम्ही अंगणात बसलात, वाटी शेजारी घेतलीत. पहिली काठी मांडीवर घेऊन तुम्ही थांबलात आणि मला विचारलंत, "तेलाबद्दल काही लिवलंय का गं त्यात?"

लिहिलं होतं. मुठी कोरड्या ठेवा, तेल लावू नका, नाहीतर काठी हातातून निसटते, इतक्या सरळ शब्दांत लिहिलं होतं. ते पान मी आदल्या दिवशीच वाचलं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

तुम्ही चौदाही मुठींना तेल लावलंत, जिरेपर्यंत चोळलंत, वरून पुसून घेतलंत. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर इंग्लंडची हिरवळ होती, मालकांच्या हातून उडालेली काठी होती आणि हसणारे गोरे होते. मला वाटत होतं, मी अन्यायाविरुद्ध काहीतरी करते आहे. अशाच शब्दांत वाटत होतं.

पण निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी गावातली बडी मंडळी चहाला बोलावली आणि जिनिंगच्या आवारात खेळून दाखवायला उभे राहिले. ऊन होतं, हाताला घाम होता. काठी सुटली ती थेट चहाच्या टेबलावर. कप फुटले. एक अडत्या म्हणाला, "मालक, चेंडू हितंच राह्यला, काठी गेली इंग्लंडला." सगळे पोट धरून हसले. मालकांनी आपल्या तळहाताचा वास घेतला आणि तुम्हाला पुढे बोलावलं.

"हे काय लावलं?"

"एरंडेल, मालक. चामडं लांब चाललं म्हून."

पुन्हा हसू. मग मालकांनी विचारलं, पुस्तक तुझ्या पोरीला दिलं होतं, तिनं वाचून सांगितलं न्हाई का. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही.

"सांगितलं व्हतं तिनं. मीच ऐकलं न्हाई."

"पोरगी हुशार हाय," मालक मंडळींना म्हणाले, "बाप बैल." आणि त्यांनी घरातून एरंडेलाची बाटली मागवली. उभ्यानं पी म्हणाले. तुम्ही प्यालात, मधे न थांबता, आणि मिशी पुसलीत. मग चौदाही मुठी राखेनं घासून कोरड्या होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, असा हुकूम झाला. मी शेजारी बसून राख चाळून देत होते. दुपार कलली तेव्हा एरंडेलानं तुमच्या पोटात कळा सुरू झाल्या. तुम्ही दोनदा विचारलंत, जाऊ का. आधी काम संपव, मालक म्हणाले. तुमचं धोतर खराब झालं तेव्हा मंडळी पानं खात तिथंच बसली होती. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. मी पण तोंड फिरवलं, आबा.

मालक परतले. तिकडच्या दुकानात मुठी एका तासात बदलून मिळाल्या, असं ते सगळ्यांना सांगत होते. जूनमध्ये मला शाळेत घेतलं. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत, आणि माझी पुस्तकं शेवटपर्यंत सोग्यानंच उचलत राहिलात.

हे पत्र टाकायला जागा नाही. पाठाच्या टिपणांखाली ठेवीन, आणि टिपणं बदलताना बहुधा फाडून टाकीन. एकच गोष्ट राहिली. मी आजवर स्वतःला सांगत आले की तेव्हा भीतीनं माझी वाचा बसली होती. तसं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे वळलात तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. मग मला शाळा आठवली आणि मी ते मिटलं. आणि तुम्ही "मीच ऐकलं न्हाई" म्हणालात तेव्हा मला तुमची दया आली नाही. मला हायसं वाटलं.