कपाटात नसलेली झाडं

सर,

ओलं कुठे वापरावं आणि सुकं कुठे, हे मी तुमच्याकडून शिकले असं कुणी म्हणालं तर मला आजही राग येईल. तरी गेले चार दिवस मी दुसरं काही करत नाहीये. ठाण्यातल्या आमच्या ओट्यावर आज दुपारपर्यंत दोन बरण्या होत्या. दोन्हींत विकतची व्होडका, दोन्हींत जुनिपरची सुकी फळं आणि भरडलेले धणे. एकीत संत्र्याची ताजी साल आणि ताजा गवती चहा घातला होता, दुसरीत तेच वाळवून. घरी जिन करायची सोपी रीत हीच. भट्टी लावायची नाही, ते बेकायदेशीर आहे. नुसतं मुरवायचं. पिण्याचा परवानाही मी रीतसर काढलाय, त्यावर मैत्रिणी हसतात. तुम्ही दारूचं नाव काढलं तरी नाक मुरडायचात. हे सगळं तुम्हाला लिहिताना मला बरं वाटतंय, तेही लपवत नाही.

जुनिपर कल्याणच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. तिथे त्याला हाऊबेर म्हणतात. दुकानदाराने विचारलं, "ताई, सांधेदुखीला का?" मी हो म्हणाले, आणि ते खोटं मला डोंबिवलीपर्यंत टोचत राहिलं. घरी येऊन प्रत्येक फळ उजेडात धरून पाहिलं. ही फळं सुकीच लागतात, धणेही सुकेच; त्यांच्याबद्दल प्रश्न नव्हता. प्रश्न साल आणि पात्यांचा होता. ताज्या गवती चहाने पहिल्या दिवशी व्होडका सुंदर हिरवी केली, आणि दुसऱ्या दिवशी तिला भिजलेल्या पोत्याचा वास आला. सुका गवती चहा नुसता पडून राहिला, त्याचा गंध वाळतानाच उडून गेला होता. ताज्या सालीचा वास बरणी उघडताच नाकात शिरतो, पण आतला पांढरा भाग थोडा जरी राहिला तरी जीभ कडू होते. सुकी साल निम्मीच पुरते. मात्र तिला उटण्याचा वास येतो, आणि दिवाळीची पहाट काही पेल्यात नको.

परवा सकाळी सालीचे तुकडे वाळलेत का ते बघत होते. तुम्ही शिकवलेलं की वाळलेलं बोटांना कळत नाही, गालाला कळतं. गार लागलं तर आत पाणी आहे. मी एकेक तुकडा गालाला लावत होते. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय गं, सालींचे पापे घेतेस?"

"वाळल्यात का बघते."

"दारूत घालायच्या सालींचे एवढे लाड? तुझ्या बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, घाल माझ्या गादीखाली." मग म्हणाली, "आपली ती झाडं अजून असतील ना गं कॉलेजच्या कपाटात?"

मी असतील म्हणाले.

ती झाडं कुठून आली होती ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. कोपरीला आमची एक खोली होती, चौघांची. वनस्पतिशास्त्राच्या खडवलीच्या सहलीहून आणलेले नमुने रद्दीत घालून दाबायचे आणि ती रद्दी रोज बदलायची. इतरांकडे लाकडी प्रेस होते, आमच्याकडे बाबांची गादी. बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. रोज कॅन्टीनमधून जुने पेपर गोळा करून आणायचे. पावसाळ्यात पेपरही दमट, म्हणून आई पोळ्या झाल्या की तापलेल्या तव्यावर एकेक पान फिरवून गरम करायची. बाबा गादीवर अंग टाकताना म्हणायचे, "चला, कॉलेजचं काम सुरू." कूस बदलायचेसुद्धा बेतानं. अशी चाळीस झाडं वाळली आणि एकेका जाड शीटवर चिकटवून हर्बेरियमसाठी, म्हणजे कॉलेजच्या संग्रहासाठी, तयार झाली. त्या सहलीत नदीकाठच्या एका बारीक फुलाचं कूळ मी बरोबर ओळखलं होतं, म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर खिशातलं भिंग काढून मला दिलंत. "हे तुझ्याकडे शोभेल," म्हणालात. ते भिंग मी आठवडाभर उशीखाली ठेवून झोपले. इतकी मी मूर्ख.

आणि मग तो दिवस. तुम्ही प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभे आहात, माझ्या शीट्स समोर आहेत. जमा करून पंधरा दिवस झालेत. चार शीट्सवर बुरशी आहे, आणि तिने कपाटातल्या शेजारच्या दोन जुन्या शीट्स धरल्यात. त्या तुमच्या तरुणपणीच्या. तुम्ही ओरडत नाही. तुमचा आवाज नेहमीसारखा, किंचित खालचाच.

"कुठे वाळवलंस हे?"

"घरी, सर."

"घर कुठे?"

"कोपरीला."

"किती खोल्या?"

मी एक म्हणते. तुम्ही वर्गाकडे बघता. "बघा. ऊन नाही, वारा नाही आणि हर्बेरियम करायला निघाल्या. अगं, याला घर लागतं. तू होम सायन्स का नाही घेतलंस?" वर्ग हसतो. तुम्ही थांबता, त्यांचं हसून होऊ देता. मग म्हणता, "सगळं खाली कचऱ्यात टाकून ये. आणि ते भिंग दे."

मी चाळीसच्या चाळीस उचलून जिना उतरले. बुरशी पसरते हे मलाही कळतं, तुमच्या दोन शीट्स गेल्या याचं वाईटही कळतं. पण उरलेल्या छत्तीस तुम्ही उघडूनही पाहिल्या नाहीत. भिंग मी रुमालाने पुसून परत दिलं. ते का पुसलं, याचं उत्तर मला अजून सापडत नाही.

घरी सांगितलं की कॉलेजने झाडं कायमची ठेवून घेतली. बाबांनी ते डेपोत सगळ्यांना सांगितलं. पुढे वर्षानुवर्षं आमच्याकडे कुणीही आलं की ते बोलणं तिकडे वळवायचे. "आमच्या पोरीची चाळीस झाडं आहेत कॉलेजच्या कपाटात. माझ्या पाठीखालून गेलेली." लोक हसायचे, मी चहा ठेवायला उठायचे. हेच सांगत सांगत ते गेले. मी एम.एस्सी.ला अर्ज केला नाही, विम्याच्या ऑफिसात लागले. त्याचा दोष मी डायरीत कायम तुमच्या नावावर लिहिला. ते पूर्ण खरं नाही. अर्ज मीच भरला नाही.

आणखी एक गोष्ट मी कुठेच लिहिली नव्हती. जमा करायच्या आदल्या दिवशी त्या चारही शीट्स माझ्या गालाला गार लागल्या होत्या. आई म्हणाली, "झालं की वाळून, चिकटव आता," आणि मी चिकटवल्या. कळत असून. तेव्हा चूक माझी होती, आणि तुमचं शास्त्र बरोबर होतं. पण बुरशीचा जाब विचारायला खोल्या मोजाव्या लागत नाहीत. तुम्ही मोजल्यात, कारण त्यात तुम्हाला मजा आली. मी तुमचा चेहरा पाहिला होता, सर. मला बघायला तुम्हीच शिकवलं होतंत.

आता त्या संग्रहाच्या खोलीला तुमचं नाव देणार आहेत. काल वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. मी साली खरवडत होते म्हणून फोन स्पीकरवर होता.

"अगं, रविवारी फीत कापायची आणि मग सगळे खडवलीला, आमच्या फार्महाऊसवर. तू जिन आणायचीस हं, नाहीतर वर्गात घेणार नाही."

"सरांच्या खोलीतून उठून थेट जिन?"

"मग! सर असते तर म्हणाले असते, उद्या पालकांना घेऊन या." ती खो खो हसली. "खरंच की, काकूंना आण ना. सगळी कपाटं उघडी ठेवणार आहेत. ज्याने त्याने आपापल्या शीट्स शोधायच्या. मज्जा!"

ही त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती. हसलीही होती. तिला काही आठवत नाही, आणि आठवत नसल्याचं ती नाटकही करत नाही. बहुतेक तुम्हालाही संध्याकाळपर्यंत आठवलं नसेल.

फोन ठेवला तर आई मागेच. "मी येणार. ह्यांना बघायला मिळालं नाही, मी तरी बघते." तिने लगेच मोतिया रंगाची साडी काढून पलंगावर ठेवली आणि चष्मा पुसून घेतला, जणू कार्यक्रम तासाभरात होता.

आज दुपारी मी बरण्यांचा निकाल लावला. पहिल्या दोन्ही टाकल्या आणि तिसरी लावली. फळं आणि धणे सुके, साल ताजी, पांढरं पूर्ण खरवडून, तीसुद्धा एक दिवस आधीच घालायची आणि वेळेवर काढायची. गवती चहा नाहीच. एवढं सगळं मी शांतपणे ठरवलं. मग बाहेर गेले आणि आईला म्हणाले की कार्यक्रम फक्त माजी विद्यार्थ्यांसाठी आहे, नीट विचारून घेतलं, बाहेरच्यांना आत सोडणार नाहीत. आणि तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, तुझे गुडघे. तिने माझ्याकडे जरा बघितलं. "बरं," म्हणाली, "मग तू फोटो काढून आण. माझ्या तव्यावरच्या कागदातलं एखादं तरी." आणि साडीची घडी घालायला लागली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आजचं खोटंही तुमच्याच नावावर लिहून टाकावं म्हणून लिहायला बसले होते. ते काही जमलं नाही.