अकरा घड्याळं आणि एक डुक्कर

रविवार, १० मार्च. सकाळ.

आजपासून मी नुसता रॉइस डनिंग नाही. शिकारीचा गाइड आहे. फाटकावर पाटी लागली : 'रानडुकरांची शिकार. खाजगी जमीन. अनुभवी गाइड.' अकरा वर्षं ही डुकरं माझं कुरण नांगरतायत आणि मी बघतोय. एवढा अनुभव अख्ख्या टेक्सासात कोणाला नसेल.

पहिलं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. ह्यूस्टनचे दाताचे डॉक्टर अलानिस. मुक्काम मागच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात. शार्लीनची, म्हणजे बायकोची, अट अशी : बुधवारपर्यंत डॉक्टरांना डुक्कर मिळालं, तर ट्रेलर पाहुण्यांचा. नाही मिळालं, तर तिच्या आईचा, कायमचा. मी हसत हसत हो म्हटलं.

सासूबाई (व्हर्नाबाई, वय एक्क्याऐंशी) पडद्यांसाठी टेप घेऊन ट्रेलरच्या खिडक्या मोजत होत्या. मग घरात येऊन माझ्या बंदुकांच्या खोलीचीही खिडकी मोजली. एकदा सवय लागली की असं होतं.

काल रात्री उन्हाळी वेळ लागली. दर मार्चात होतं तसं, सगळा देश एक तास पुढे. घरातली अकराच्या अकरा घड्याळं मी स्वतः पुढे केली, एक विसरलो नाही. सासूबाईंनी मनगटावरचं पुढे करायला साफ नकार दिला. म्हणे, सरकारनं सांगितलं म्हणून कोंबडी लवकर अंडं घालते का? या वयात माणूस हट्टी होतो. मी वाद घातला नाही.

रविवार, संध्याकाळ.

डॉक्टर आले. योजना सांगितली. ओढ्याकाठी माझं फीडर आहे, म्हणजे तीन पायांवरचं मक्याचं पिंप. पोटात घड्याळ. रोज सकाळी साडेसातला गरागरा फिरतं, मका उधळतं, आणि डुकरं हजर. साडेसातला मका, सात पस्तीसला डुक्कर, आठला शार्लीनचा नाश्ता. डॉक्टर म्हणाले, फारच सोपं आहे. मी म्हटलं, गाइड चांगला असला की सोपंच असतं.

सोमवार, ११ मार्च.

पहाटे सहाला मचाणावर. माणसाचा वास लपावा म्हणून बिअर आणि स्ट्रॉबेरी जेलीत आंबवलेला मका डॉक्टरांच्या जॅकेटला चोळला. जॅकेट नवीन होतं असं त्यांनी नंतर सांगितलं.

सात वाजले तरी मिट्ट काळोख. ढग असावेत.

साडेसात. फीडर गप्प.

आठ. फीडर गप्पच. उठलो. शार्लीनचा नाश्ता कोणासाठी थांबत नाही.

निष्कर्ष : बॅटरी. दुपारी बदलली. बटण दाबून पाहिलं, छान फिरलं. मका माझ्या कॉलरमध्ये गेला.

मंगळवार, १२ मार्च.

नवी बॅटरी. साडेसात, गप्प. आठ, नाश्ता. डॉक्टर वाटभर जॅकेटवरचा मका खरवडत होते. एकाग्रता वाढतेय त्यांची.

दुपारी झाडावरच्या कॅमेऱ्यातले फोटो काढले. काल सात एकतीस, अकरा डुकरं, मका खाताना. आज सात एकतीस, तीच अकरा. एक तर कॅमेऱ्याकडे बघून चघळतंय.

पण सात एकतीसला आम्ही तिथेच होतो.

डॉक्टरांनी विचारलं, आपण दोघंही झोपलो होतो का? मी समजावलं की कॅमेरा बिघडलाय. तरी मनातून हादरलो. सासूबाई ओट्यावर मटार सोलत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, किती वाजता म्हणालात? साडेसात, म्हटलं. हं, म्हणाल्या, आणि मटार सोलायला लागल्या. यांना शिकारीतलं काय कळतंय.

शार्लीनने पडद्याचं कापड आणलंय. पिवळी फुलं. बघवत नाही.

संकल्प : उद्या यंत्रांवर विसंबायचं नाही. ओढ्यातून माग काढत जायचं आणि डुकरं डॉक्टरांच्या पुढ्यात हाकून आणायची.

बुधवार, १३ मार्च.

६:१० डॉक्टर उठायला तयार नाहीत. दाराआडूनच म्हणाले, बॅग भरलीय, कॉफी घेऊन निघतो. मी म्हटलं, माघार घेऊ नका, मी डुकरं आणतो. एकटाच निघालो. ट्रेलर गेला तर मी कुठल्या तोंडाने पाटी काढू?

७:४० ताजे माग. मीही ताजा.

८:१० माग माझ्याच बुटांचे आहेत.

८:३४ गोळीचा आवाज. चोरटे शिकारी, माझ्या जमिनीत. रीतसर तक्रार करणार.

८:४० घाईत ओढ्यात पडलो. डावा बूट गेला.

१०:१५ घरी. अंगणातल्या झाडाला शंभर किलोचं डुक्कर टांगलेलं. डॉक्टर सासूबाईंचा हात हातात घेऊन उभे. दोघं पायरीवर कॉफी घेत असताना सासूबाईंनी मनगटाकडे पाहिलं म्हणे. म्हणाल्या, सात वाजून पाच मिनिटं झालीत, चला डॉक्टर, बंदूक घ्या. गोल्फ कार्टमधून नेलं. त्यांच्या घड्याळातल्या साडेसातला फीडर फिरलं, आणि त्यानंतर चार मिनिटांत सगळं आटोपलं.

मला म्हणाल्या, रॉइस, घरातल्या सगळ्यांना नवी वेळ सांगितलीस, पिंपाला आणि कॅमेऱ्याला कोण सांगणार होतं रे? हसत नव्हत्या. शार्लीन हसत होती.

डॉक्टरांनी फोटो काढला. मीही आहे त्यात. मागे, एका बुटात.

गुरुवार, १४ मार्च.

तरीही मुद्दा सोडला नाही. शार्लीनला म्हटलं, अट म्हणजे अट. बुधवारी डुक्कर पडलं, ट्रेलर पाहुण्यांचा. तिने लगेच मान्य केलं. जिंकलो.

डॉक्टर नोव्हेंबरात दोन मित्रांना घेऊन येतायत. गाइड म्हणून व्हर्नाबाईच हव्यात, असं लिहून गेले. तेव्हा सासूबाईंना इथेच राहायला हवं. ट्रेलरमध्ये पाहुणे, म्हणून त्या घरात. माझ्या बंदुकांच्या खोलीत. पिवळे पडदे बरोब्बर बसले, माप आधीच घेतलेलं होतं.

फीडरचं घड्याळ पुढे करायला निघालो, तर शार्लीनने अडवलं. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही, म्हणाली. उलट स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने एक तास मागे केलंय. गाइडच्या सोयीसाठी.

आता माझ्या घड्याळात आठ वाजलेत. पोटात कावळे ओरडतायत. नाश्ता आठलाच असतो, पण स्वयंपाकघरात अजून सातच वाजलेत.