मागावरची हातबोली

प्रिय आबा,

आज स्पीच क्लासच्या मॅडमनी मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच कळलं की काही बरं ऐकायला मिळणार नाही. म्हणाल्या, पिंकीचा क्लास आता बंद करू या. जूनपासून तिला मूकबधिरांच्या निवासी शाळेत घाला, तिथं खुणांची भाषा शिकवतात. "तिला भाषा हवी, ताई. आता कुठली का असेना." मी मान हलवली, पोरीचं दप्तर उचललं आणि घरी आले. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, हे पत्र कुठं पोचणार नाही, हे मला कळतं. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून भागणार नाही.

खुणांची भाषा, आबा! सहा वर्षांनी!

तुम्ही इचलकरंजीत तीस वर्षं माग चालवलेत. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून सगळा कारखाना हातांनी बोलायचा. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. तळहात बशीसारखा तोंडाला लावला की चहा. मी डबा घेऊन दारात उभी राहिले की तुम्ही पार पलीकडून हातानंच विचारायचा, भाजी कसली? मीही हातानंच सांगायचे. घरी आलात की मात्र मुके. आई म्हणायची, ह्यांचं तोंड कारखान्यातच राहतंय.

आई गेली, दम्यामुळं तुमचं काम सुटलं आणि तुम्ही कोल्हापूरला आमच्याकडे राहायला आलात, त्याच साली पिंकीला ऐकू येत नाही हे कळलं. दीड वर्षाची होती. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही तिला मांडीवर घेऊन म्हणालात, "ऐकत न्हाय तर न्हाय. बगती की! आमच्या कारखान्यात तरी कोण ऐकत हुतं?"

आणि तुम्ही तिच्याशी बोलायला लागलात. शिकवलं असं म्हणवत नाही, नुसतं बोललात. चार वर्षांची होईस्तोवर ती तुम्हाला चहा विचारायची, लाइट गेली ते सांगायची, तिचा बाबा उद्यमनगरातल्या कामावरून आला की मिशीवरून बोट फिरवायची. एकदा शेजारची सुजाता तिच्याशी भांडून निघून गेली. पिंकी तुमच्यापुढं उभी राहिली, सुजाताच्या घराकडे बोट केलं आणि दोन बोटं कात्रीसारखी उघडली. धागा तुटला. हे तिला कुणी सांगितलं होतं? तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "हिला बोलाय येतंय की गं." मी ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले. मला तोंडानं बोलणारी पोरगी हवी होती.

पुण्याला ऑपरेशन झालं तेव्हा ती पाच संपून सहाव्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशीर झालाय, दोन-अडीच वर्षांची असती तर गोष्ट वेगळी, पण बघू. कानाच्या आत बसवलेलं यंत्र, बाहेर कानामागं मशीन, डोक्याला चिकटणारं चुंबक. मशीन चालू केलं आणि ती दचकून रडली. आवाज पोचला म्हणून आपण गल्लीभर पेढे वाटले.

मग मॅडमनी घरच्या सगळ्यांना बसवून नियम सांगितला. हातवारे एकदम बंद. डोळ्यांनी काम भागतंय तोवर मेंदू कानाकडे वळणार नाही. बोलताना ओठांवर हात धरा, म्हणजे ती ओठ वाचणार नाही, ऐकेल. दिवसभर तिच्या कानाशी बोलत राहा: कांदा चिरते, पाणी ओतते, दार लावते.

तुम्ही विचारलंत, "मग मी कसं बोलू तिच्यासंगं?"

"तोंडानं बोला, आबा."

"तोंडानं मी तुज्यासंगं तरी कवा बोललोय?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकीनं तळहात तोंडाला लावून तुम्हाला चहा विचारला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. तुम्ही दोन्ही हात काखेत घालून बसलात. तिनं पुन्हा विचारलं. मग तुमचं मनगट धरून हात बाहेर ओढायला लागली. तुम्ही तोंडानं म्हणालात, "चा... चा..." ती तुमच्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओरडले, "आबा, ओठांवर हात!"

थोड्या वेळानं तिनं दोन बोटं उघडली आणि अंगणात निघून गेली.

तुम्ही जन्मभर शेठशी भांडलात, बोनससाठी संपावर गेलात. माझ्याशी का नाही भांडलात? एकदा म्हणायचं होतं, "गप बस, तुला काय कळत न्हाय!" मी ऐकलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण आज निदान तुमचं ऐकलं नाही म्हणून रडता आलं असतं.

मॅडमचं चुकलं असंही म्हणवत नाही. त्यांच्या क्लासला इस्लामपूरची एक मुलगी येते. दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं, आता पाढे म्हणते. मी तिच्याकडे बघायचं टाळते. आपल्याही पोरीसाठी मी काही कमी केलं नाही, आबा. रोज सकाळी तिच्या मागं बसून 'आ, ई, म, स' म्हणायचं आणि ऐकू आलं की तिनं मणी डब्यात टाकायचा. कधी टाकायची, कधी माझ्या सावलीवरून अंदाज घेऊन टाकायची. पावसाळ्यात मशीनची वायर जायची, नवी येईस्तोवर महिना-महिना सगळं बंद. पोरगी अकरा वर्षांची झाली. आई, पाणी, नको, दे. घरच्यांना कळतात ते शब्द एवढेच. हातांनी काय बोलायची ते तर केव्हाच विसरली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

तुमच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसाचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तोंडावर मास्क होता, तुम्हाला बोलता येत नव्हतं. पिंकी कॉटशी उभी होती. तुम्ही चादरीखालून हात काढलात आणि तळहात तोंडाशी नेलात. चहा घेतलास का, पोरी? ती तुमच्या हाताकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. मला कळलं होतं ना, आबा! मी तुमचीच मुलगी! आणि मी काय केलं? ओठांवर हात धरला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "आजोबा विचारतात, चहा घेतलास का?"

तुम्ही ते बघितलंत आणि हात परत चादरीखाली घेतलात.

गेल्या पितृपक्षात तुमच्या फोटोला हार घालायला तिला बोलावलं, तर ती येईना. फोटोकडे बोट केलं, गाल फुगवले आणि तोंड फिरवलं. आजोबा माझ्यावर रुसलेत! तिच्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं. सहाव्या वर्षी एका सकाळी तिच्या आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि मरेपर्यंत टाकलं. का, ते कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, आणि कशानं? मी नुसतं "नाही गं, नाही" म्हणत राहिले. तिला वाटलं, हार घालू नको म्हणते. ती खेळायला गेली.

त्या शाळेत शनिवारी पालकांनाही शिकवतात. तिथल्या खुणा वेगळ्या, कारखान्यातल्या नव्हेत. पालक दोन-तीन शनिवार येतात आणि मग यायचे थांबतात, असं मॅडमच म्हणाल्या. माझा हात आता वळेल की नाही, आणि तिला तोवर तुमचा चेहरा तरी आठवेल की नाही, कोण जाणे. मला फारशी आशा नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू?

पण मी जाणार. एवढं एक तिला सांगण्यापुरतं तरी शिकणार, हा शब्द देते: आजोबांनी तुझ्याशी अबोला धरला नव्हता, मी त्यांना बोलू दिलं नाही. हे कळल्यावर ती माझ्याशी अबोला धरेल.

धरू दे.

तुमची,
शोभा