मालकिणीच्या खोलीत

फिलाडेल्फिया, मार्च १७५२

प्रिय आई,

मी बरी आहे, हे आधी वाच. मग बाकीचं.

हिवाळ्यात मला देवी आल्या. मालक म्हणाले, "चाकर माणूस आहे, गोठ्यात ठेवा. घरात मुलं आहेत."

मालकीणबाई क्वेकर पंथाच्या, आवाज म्हणून चढवत नाहीत. म्हणाल्या, "मुलांना मावशीकडे धाडा. थॉमसिन माझ्या खोलीत झोपेल." चमच्याचमच्याने मक्याची पेज भरवून त्यांनीच मला जगवलं. बोटीच्या भाड्यापोटी केलेल्या चाकरीच्या कराराची दोन वर्षं उरलीत, ती मी आनंदाने काढीन.

बाबांचा खोकला कसा आहे?

घरातला आरसा बाईंनी उचलून ठेवलाय. मीही मागत नाही. काल मुलं परतली. धाकटी हॅना माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "थॉमसिन, कडेवर घे ना!"

आई, संध्याकाळपर्यंत मी तिला खाली उतरवलंच नाही.

तुझीच लाडकी,
थॉमसिन