हाका थांबल्यावर

४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काका म्हणाले, फोन नको, पत्र लिही. हा काय नवीन नखरा? असो, लिहिते.

आपलं भांडण मी जिंकले. गेममधली माणसं बोलायला लागली की खेळणाऱ्याच्या डोक्यातलं बोलणं मरतं, त्याला पडद्यावर ओळी वाचू द्याव्यात, असं तू म्हणायचीस. तेही जन्मभर रेडिओवर नाटकं करून! काल आम्ही काही जणांना आपला नवा गेम खेळायला बसवलं, निम्म्यांना नुसत्या ओळी, निम्म्यांना आईच्या तोंडी तुझा आवाज. घरात काळोख, पोर कपाटात लपलेली, आणि आई तिला शोधत खोल्याखोल्यांतून फिरते. ती पोर म्हणजे खेळणारा; तो जितका वेळ आतून कपाट उघडत नाही, तितकी आईची हाक घाबरत जाते. नुसत्या ओळी वाचणारे आरामात कॉफी पीत होते. तुझा आवाज ऐकणारे मात्र खुर्चीत आखडले. शेवटच्या हाकेला तुझा आवाज मधेच फाटतो ना, तिथे एकीने हेडफोनच काढून ठेवला. कसा गं काढलास तो आवाज?

आता एकच ओळ राहिली आहे. पोर बाहेर येते तेव्हा आई म्हणते, ‘सापडलीस गं बाई.’ स्टुडिओत कधी येतेस ते कळव. काकांना नमस्कार सांग, आणि माझ्यावरचा लोभ भांडणापायी आटू देऊ नकोस.

तुझी
ठमी


११ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तो आवाज मी काढला नाही. तो आपोआप फाटला. तुम्ही सगळे काचेपलीकडून टाळ्या वाजवत होतात आणि मला दरदरून घाम फुटला होता.

डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट जातीची. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणतात. जीव वाचेल, आवाज जाईल. फोन नको म्हटलं ते याचसाठी. बोलले असते तर तुला पहिल्या शब्दाला कळलं असतं.

मला भीती वाटते गं. मरणाची म्हणशील तर तेवढी नाही. तुझे काका गॅसवर चहा ठेवून विसरतात, मी आतून ओरडते, मग ते धावतात. आता ओरडणार कोण? बाथरूममध्ये नळ मोठा सोडून मी घरातल्या सगळ्यांना नावाने हाका मारून बघते. काल तुला मारली. अर्धीच आली.

तुझी ओळ काही माझ्याकडून व्हायची नाही. ऑपरेशन सोमवारी आहे. नंतर भेटून जा. लोभ आहेच, तो काही गळ्यात नसतो.

तुझी
मावशी


२४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं काकांनी कळवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. यायचं फार मनात होतं, पण कामातून मान वर करता आली नाही. रागावू नकोस.

साहेबांना ती ओळ दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची होती. मी हट्टाने नाही म्हटलं. मग आमच्या आवाजवाल्याने तुझ्या आधीच्या ध्वनिमुद्रणांवरून कॉम्प्युटरकडून ती बनवली. हुबेहूब तू. तू तिकडे मुकाट पडलेली, आणि इकडे माझ्या कानात म्हणतेस, सापडलीस गं बाई. साहेब खूश आहेत. मावशी हो म्हणाली तरच ठेवू, असं मी सांगितलंय.

रोज खेळायला बसते, त्या फाटलेल्या हाकेपाशी येते आणि बंद करते. तब्येतीला जप. पत्र आखूड असलं तरी चालेल, माया आखूड नको.

तुझी
ठमी


३० जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मला बोलण्याऐवजी लिहायला पाटी मिळाली आहे. जन्मभर हूं की चूं न करणारे तुझे काका आता माझ्या पाटीवरचं सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवतात, तेही एका सुरात. नाटकात असते तर मी त्यांना पहिल्याच तालमीला घरी पाठवलं असतं.

ती कॉम्प्युटरची ओळ काढून टाक. दुसरीचाही आवाज नको, आणि पडद्यावरही काही लिहू नकोस. फाटलेल्या हाकेनंतर हाका बंद होऊ देत. मग बघ, कपाटात कोण बसून राहतं ते. भांडण तूच जिंकलीस. आवाज आधी ऐकलेला असला, तरच तो थांबल्याची भीती वाटते. मला हे आता इथे पडून कळतंय. सकाळी जाग आली की मी अजून बोलायला जाते, आणि रोज नव्याने घाबरते.

काकांच्या वाचनाला हसू नकोस, आणि या पाटीवाल्या मावशीला अंतर देऊ नकोस.

तुझी
मावशी

ता. क. ऑपरेशननंतरच्या रविवारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन तू परत फिरलीस, ते मी खिडकीतून पाहिलं. तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं. आता तुझी तूच ये.