बिनदाराच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, धंद्याने रंगारी. वय झाले असले तरी डोके जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून दिलेला तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. आधीचे मृत्युपत्र माझ्या मुलीच्या नावाने होते. ती मागच्या हिवाळ्यात गेली, म्हणून ते रद्द समजावे. तिच्याविषयी मला फार लिहिता येत नाही.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या भावाला द्यावी. तो माझ्याशी भांडला म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. माझा कोट मात्र त्याला देऊ नये. तो माझ्या लग्नात त्याने घालून फाडला आणि अजून कबूल केलेले नाही.

२. मागचा कारखाना, कढया, वाळवणाच्या दोऱ्या आणि आतली मिश्रणाची खोली तिथे काम करणाऱ्या सर्वांच्या सामाईक मालकीची राहील. अट एकच. आतल्या खोलीला दार बसवायचे नाही. पडदासुद्धा नाही.

भाऊ यावरून कोर्टात जाईल असे वाटत होते, म्हणून कारण लिहितो.

आमच्या घराण्यात रंग मिसळणारा आतून कडी लावून घेत असे. आमचे वडील, आबा, रंगांची मापे मोठ्याने म्हणत. ती कोणाच्या कानी पडू नयेत म्हणून बाहेर आम्ही ओले कापड दगडावर आपटत राहायचो. हाक मारायची नाही, ठोठावायचे नाही, अशी रीत होती. एके दिवशी आत कडी फार वेळ वाजत राहिली. आम्ही रीतीप्रमाणे आणखी जोरात आपटत राहिलो. शेवटी दार फोडले तेव्हा आबा उंबऱ्याशी पडले होते. त्यांचा हिरवा रंग फक्त त्यांनाच येत होता. तो त्यांच्याबरोबर गेला.

माझ्या मुलीने ते दार उतरवले, कडी भंगारात दिली आणि उरलेली सगळी मापे भिंतीवर खडूने लिहून काढली. गल्लीतले रंगारी वाचायला येऊ लागले. भाऊ तिला म्हणाला, “अगं, घर लुटायला दिलंस की!”

ती म्हणाली, “काका, लुटलं असतं तर भिंत रिकामी झाली असती. बघा, आहे तशीच आहे.”

आमच्याशी पिढीभर न बोलणारा समोरचा रंगारी, ज्याला आम्ही ‘खडूस’ म्हणतो, तोही आला. बराच वेळ बघत राहिला, मग आमचे लाल रंगाचे माप खोडून त्याने स्वतःचे लिहिले. तेव्हापासून आमचा लाल धुण्यात जात नाही. नुसते कापड पिळणाऱ्या बायका मिसळायला शिकल्या. एकीने पलीकडे स्वतःचा कारखाना काढला. “तिचं चाललंच पाहिजे,” मुलगी म्हणाली, “नाहीतर वाद कोणाशी घालायचा?” हिरवा कोणालाच जमला नाही, पण त्याच्या नादात कोणाकोणाला भलतेच सुंदर रंग सापडले.

आता जे लिहितो ते सर्वांनी ऐकले आहे. खोलीत सगळे गप्प झाले की रिकाम्या चौकटीतून कडी वाजते. कोणी काही विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, की थांबते. मुलगी गेल्यावर कारखान्यात कोणी बोलेना. कडी दिवसभर वाजू लागली. चौकटीच्या आतल्या अंगाला ओल्या तळहातांचे ठसे उमटले. ते हिरवे होते.

भाऊ म्हणाला, “दादा, आबा दार मागतायत. घराची विद्या झाका म्हणतायत.”

मी म्हणालो, “एकदा आत एकटा बस. बोलू नकोस. मग हवं तर सुताराला मीच बोलावतो.”

तो परवा दुपारी बसला. थोड्या वेळाने आतून त्याने “दादा!” अशी हाक मारली, आणि जुन्या माणसांचे हात आपसूक कापडाकडे गेले. मी त्यांना थांबवून पुढे झालो. भाऊ उघड्या चौकटीत उभा राहून दोन्ही हातांनी हवा ढकलत होता.

“दार उघडत नाही, दादा.”

मला दुसरे काही सुचले नाही. “लाल कसा करतात, सांग,” मी म्हणालो.

त्याने अडखळत सांगितले. “चूक!” मागून खडूस ओरडला, “तुरटी आधी!” भाऊ चिडला. “आधी कशी? कापड रंग धरेल का?” असे म्हणत, भांडत, तो बाहेर आला.

३. मी गेल्यावर कारखान्यात शांतता पाळू नये. कोणीही पाळू नये.

हे सर्व पुढच्या खोलीत, दिवसाउजेडी लिहिले व वाचून दाखवले. तारीख ज्याने त्याने आपल्या हाताने घातली आहे.

(सही) रंगारी
साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार: (सही) समोरचा रंगारी. खडूस हा शब्द वाचला. राहू द्या.

धाकट्या भावाच्या हातचे: वाचले, हरकत नाही. एक गोष्ट दादाने लिहिलेली नाही. मी बाहेर पडल्यावर मागून आबांच्या आवाजात कोणी विचारले, “तुरटी आधी का?” आबांनी हयातीत कोणाला काही विचारले नव्हते. उद्या आम्ही सगळे आत जाऊन सांगणार आहोत.