तुझ्या रिपोर्टावरच्या दोन सह्या

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे माझा गुडघा सोडला तर, आणि त्याचं रडगाणं तू मागच्या दोन्ही पत्रांत वाचलंच आहेस. तुझी झोप कशी आहे? गिळताना अजून टोचतं का? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून सगळ्या बिल्डिंगला ऐकवतात? पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण मी ‘हॅलो’ म्हटलं रे म्हटलं की तू विचारतेस, काय फोडलंस. (लहानपणी कपबशी फुटली की मी हवापाण्याच्या गप्पा मारत घरात शिरायचो, तेव्हापासून तू माझा आवाज ओळखतेस.) म्हणून नमुने गोळा करायला आमची जी गाडी रोज तुमच्या गावच्या दवाखान्यात येते, तिच्या ड्रायव्हरबरोबर हे पाठवतोय. विषय तुझ्या मानेतल्या गाठीच्या रिपोर्टाचा. तीन आठवड्यांपूर्वी तो ‘साफ’ म्हणून आला आणि तू फोनवर रडलीस. त्या कागदाच्या तळाशी दोन सह्या आहेत, त्यातली एक माझी. त्या सह्यांबद्दल सांगायचंय, आणि लांबून आल्याशिवाय मला सांगता येणार नाही, तेव्हा चिडू नकोस.

मी लॅबमध्ये नेमकं काय करतो हे तू आजवर कधी विचारलं नाहीस. (भाऊजींनी एकदा विचारलं होतं, पण उत्तर सुरू होताच त्यांना डुलकी लागली.) तर गाठीत सुई घालून काढलेलं पाणी काचेच्या पट्टीवर पसरतात, रंगवतात, आणि आम्ही ती काच मायक्रोस्कोपखाली धरून पेशी बघतो. साफ की संशयित, एवढंच लिहायचं. प्रत्येक काच दोघांनी बघायची, वेगवेगळी, एकमेकांना न विचारता. दोघांचं जुळलं तर मोठे डॉक्टर वर न बघता शिक्का मारतात. जुळलं नाही तरच ते स्वतः काच हातात घेतात. माझा जोडीदार भिंगकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, पण एकोणीस वर्षं शेजारी बसून मीही ते विसरलो. माणूस देवासारखा, फक्त पाय हलवतो. त्याने पाय हलवला की माझ्या मायक्रोस्कोपमध्ये भूकंप होतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक आकडेवाल्या बाई आल्या. वयाने माझ्या निम्म्या, आवाज त्याहून लहान. आम्ही छाती फुगवून सांगितलं की आमचं शंभरातल्या शहाऐंशी काचांवर एकमत असतं. बाई म्हणाल्या, छान, आता यातलं कमावलेलं किती ते बघू. त्यांनी फळ्यावर मांडलं. आम्ही दोघंही शंभरातल्या नव्वद काचांना साफ म्हणतो. उद्या दोघांनी डोळे मिटून, काचेकडे न बघता, अंदाजपंचे नव्वदांवर ‘साफ’ लिहिलं, तरी ब्याऐंशी काचांवर आपोआप जुळणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, त्यातलं ते. म्हणजे खरी परीक्षा उरलेल्या अठरांची, आणि त्यातले आम्ही मिळवले चार. अठरातले चार! एकोणीस वर्षांची संगत आणि बावीस टक्के. त्या आकड्याला त्यांच्यात ‘कप्पा’ म्हणतात. (तुमच्याकडे भाऊजी तुझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतात ना? मी बाईंना मुद्दाम विचारलं. अशा माणसाचा कप्पा शून्य निघतो. त्यांना सांगू नकोस.)

कप्पा दर महिन्याला भिंतीवर लागणार, आणि ऐंशीच्या खाली राहिला तर दोघांना पुन्हा शिकाऊंच्या वर्गात बसावं लागणार, असा फतवा निघाला. ज्या पोरांना आम्ही काच कशी पुसायची ते शिकवलं, त्यांच्या शेजारी बाकावर! भिंगकाकाचा पाय त्या दिवशी हललाच नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याने उपाय काढला, आणि तो इतका साधा होता की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आधी बघणाऱ्याने काच ट्रेमध्ये परत ठेवताना साफ असेल तर सरळ ठेवायची, संशयित असेल तर किंचित तिरकी. बस्स. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नियम मोडल्यासारखं वाटतही नाही. काच काय, तिरकी राहू शकते.

पहिल्या महिन्यात बाविसाचे एकसष्ट झाले, दुसऱ्यात एक्याण्णव. तिसऱ्या महिन्यात शंभर होणार होते, पण इतकं गोड बरं नव्हे म्हणून भिंगकाकाने ठरवलं की महिन्यातून तीन काचांवर मतभेद करायचा. कोणत्या तीन, यावर आमचं तासभर भांडण झालं. (एवढा खरा मतभेद आमच्यात वर्षभरात दुसरा झाला नसेल.) बाई हरखल्या. दुसऱ्या लॅबमधले लोक आमच्याकडे बघायला आले. आम्हाला हार घालून उभं केलं आणि एकमत कसं वाढवावं यावर भिंगकाका वीस मिनिटं बोलला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. सांगायची लाज वाटते ताई, पण तेव्हा मला मजा वाटत होती.

मग तुझी काच आली. आमच्याकडे नुसता नंबर येतो, पण नमुना इकडे पाठवायला तुला मीच सांगितलं होतं, घरचा माणूस आहे म्हणून. तेव्हा नंबर मला पाठ होता. तेव्हाच उठून म्हणायला हवं होतं की ही माझ्या बहिणीची आहे, दुसऱ्या कुणाला द्या. नाही म्हटलं. पाळी माझी पहिली होती. मी ती काच बघितली, ताई. दहा मिनिटं बघितली. सगळं साफ होतं. डाव्या कडेला पेशींचा एक पुंजका होता, जरा दाटीवाटीचा, जरा गडद. रंग जास्त बसला असेल, म्हणालो मनात. दुसऱ्या कुणाची काच असती तर हात आपोआप तिरका झाला असता. पण मी विचार केला, असेल काही तर भिंगकाकाला दिसेलच, त्याची नजर माझ्यापेक्षा बरी. आणि मी काच सरळ ठेवली.

त्यानंतर तो पुंजका माझ्या डोळ्यांपुढून जाईना. जेवताना, दाढी करताना, भाजी निवडताना. शेवटी गेल्या शुक्रवारी मी भिंगकाकाला सहज विचारल्यासारखं विचारलं की तीन आठवड्यांपूर्वीची ती मानेची काच आठवते का, डाव्या कडेला तुला काय वाटलं होतं. तो चहा ढवळत होता. ढवळायचा थांबला. म्हणाला, “तू सरळ ठेवली होतीस. मी लावलीच नाही रे खाली.” मग त्याने कुणाची होती ते विचारलं. मी सांगितलं. त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून बसून राहिला. तो बघेल म्हणून मी बघितलं नाही, आणि मी बघितलं म्हणून त्याने बघितलं नाही. खाली सह्या मात्र दोन.

तेव्हा सांगायचं ते इतकंच की त्या रिपोर्टावर विसंबू नकोस. घाबरण्यासारखं काहीही नाही, दहातल्या नऊ गाठी साध्या असतात, आणि पुंजका खरोखर रंगाचाच असू शकतो. फक्त खात्रीसाठी सवडीने एकदा पुन्हा सुई करून घे. माझ्यावर रागव, पण मनातल्या मनात ठेवू नकोस, तोंडावर रागव. भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. आज सकाळी आम्ही दोघं जाऊन आकडेवाल्या बाईंना सगळं सांगून आलो. सरळ काय, तिरकं काय, हार काय. वाटलं होतं आरडाओरडा करतील. त्यांनी भिंतीवरचा कागद काढला आणि बराच वेळ त्याची घडी घालत राहिल्या. वर्षभरातल्या सगळ्या काचा आता दुसरीकडे तपासायला जाणार आहेत. आमच्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. पण त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस, ते आमचं आम्ही निस्तरू.

ता. क. दुसरा : ‘सवडीने’ असं वर लिहिलंय ते खोडून वाच. बाईंनी आज दुपारी आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं आणि तीस जुन्या काचा दिल्या, नंबर झाकून. तुझी त्यातच होती. भिंगकाकाला कुठली ते माहीत नव्हतं. मी मात्र पुंजका दिसताच ओळखली. तिसांपैकी अकरा काचांवर आमचं जुळलं नाही. तुझ्या काचेवर जुळलं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बघितली, त्यांचंही तेच. ते म्हणतात अजून लवकर आहे, तीन आठवडेच गेलेत, ऑपरेशनने निघून जाईल. मला फार भीती वाटतेय ताई. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तो रात्री तुमच्या गावातच मुक्काम करतो आणि सकाळी सातला परत निघतो. पुढची सीट मोकळी ठेवायला सांगितलीय. तिच्यात बसून ये.